पांढऱ्या सदाफुलीची गुलाबी लेक

मैत्रिणींनो, तुमच्या अंगणात, गच्चीवर, निदान खिडकीतल्या तेलाच्या रिकाम्या डब्यात तरी एखादी सदाफुली असणारच. तिला ना खत लागतं ना लाड. पाणी घालायला विसरलं तरी रुसत नाही. आमच्याकडे पांढरी सदाफुली आहे. सासूबाईंनी ती मुद्दाम लावली, कारण सोमवारी महादेवाला पांढरी फुलं लागतात. गेल्या पावसाळ्यात तिच्या शेंगा तडकल्या, बी खाली पडलं आणि आळ्यातच चार रोपं उगवली. सासूबाई खूश झाल्या. "आता फुलांना तोटा नाही," म्हणाल्या. संक्रांतीच्या सुमारास त्या रोपांना कळ्या आल्या, आणि फुलली काय, तर चारातली दोन चक्क गुलाबी!

"बी कुणीतरी टाकलं असणार," सासूबाई म्हणाल्या. पण कुणी टाकलं नव्हतं. मी माझ्या डोळ्यांनी त्या शेंगा तडकलेल्या पाहिल्या होत्या.

आमची मुक्ता आठवीत आहे. ती त्या रोपांपाशी उकिडवी बसून बराच वेळ पाहत राहिली. मग मान वर न करताच म्हणाली, "आई, पांढऱ्या आईला गुलाबी मुलगी कशी झाली गं?"

प्रश्न फुलाचा होता, पण माझ्या पोटात कालवलं. का, ते सांगते.

चारच दिवसांपूर्वी आमच्याकडे हळदीकुंकू झालं होतं. मुक्ता हौसेनं परकर-पोलकं नेसून अत्तर लावत होती. एका बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही एवढ्या गोऱ्या, मग ही कुणावर गेली हो?" बाई मनानं वाईट नाहीत. बोलून गेल्या, तिळगूळ घेतला, विसरूनही गेल्या. मुक्ता विसरली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाचातून नाव काढून घेतलं. "पिवळी साडी आहे, मला शोभत नाही," एवढंच म्हणाली.

म्हणून तिच्या त्या प्रश्नाला "अगं, होतं असं कधीकधी" म्हणून वाटेला लावणं मला जमेना. पण खरं उत्तर तरी मला कुठं येत होतं? मी बी. ए. मराठीची. शाळेत अर्धवेळ मराठीच शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. शेवटी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं. त्यांनी दोन पुस्तकं दिली, मधल्या सुट्टीत चार दिवस समजावून सांगितलं. मला जे कळलं, ते माझ्याच भाषेत तुम्हांला सांगते. बाईंना वाचून दाखवलंय, तेव्हा चुकीचं काही नसावं!

वही एकच, पानं वेगळी

आधी फुलांत रंग येतो कुठून ते पाहू. झेंडूचा पिवळा-केशरी रंग गाजरातल्या कॅरोटिनच्या घराण्यातला. गोकर्णाचा निळा, जास्वंदीचा लाल, सदाफुलीचा गुलाबी आणि आपल्या वांग्याच्या सालीचा जांभळा हे सगळे अँथोसायनिन या द्रव्याच्या घराण्यातले. तिसरं घराणं बीटाचं. बीट, तांबडा माठ, बोगनवेल आणि आपली गुलबक्षी त्यात येतात. गंमत अशी, की बीटाचा रंग करणाऱ्या झाडांत अँथोसायनिन सापडत नाही आणि अँथोसायनिन करणाऱ्यांत बीटाचा रंग सापडत नाही. जणू एकाच म्यानात दोन तलवारी राहत नाहीत!

आता अँथोसायनिन झाड कसं तयार करतं? आपण पुरणपोळी करतो तसंच समजा. डाळ शिजवायची, कट काढायचा, गूळ घालून आटवायचं, पुरण वाटायचं, कणीक तिंबायची, मग पोळी. प्रत्येक पायरीला वेगळा हात, वेगळं कसब. झाडाच्या पेशीतही असंच चालतं. सुरुवातीला एक साधा रंगहीन पदार्थ असतो. एक विकर, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला एन्झाइम म्हणतात ते, त्याच्यावर काम करून पुढच्याकडे देतं, दुसरं तिसऱ्याकडे. असं करत करत शेवटच्या एक-दोन पायऱ्यांना रंग उमटतो. मग त्याला साखरेचा कण जोडून पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत तो साठवला जातो.

या प्रत्येक विकराची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते. जनुक म्हणजे घराण्याच्या पाककृतींच्या वहीतलं एक पान. एका पानावरची एक ओळ जरी पुसली गेली, तरी पुढचा पदार्थ बिघडतो. डाळच शिजली नाही तर पोळी कशी होणार?

पण खरी मौज पुढेच आहे. ही वही झाडाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते आणि ती पूर्ण असते. मुळात, पानात, पाकळीत, सगळीकडे तीच. मग मुळं गुलाबी का नसतात? वांगं बाहेरून जांभळं आणि आतून पांढरं का?

यासाठी पारिजातकाचं फूल हातात घेऊन पाहा. पाकळ्या शुभ्र, देठ केशरी. देठातला तो रंग आपल्या केशरातल्या रंगाचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. फूल एकच, पेशींतली वही एकच. पण देठाच्या पेशींनी रंगाचं पान उघडलं, पाकळीच्या पेशींनी ते मिटलेलंच ठेवलं. कुठलं पान कुठं, केव्हा आणि किती वेळ उघडायचं, हे ठरवणारी वेगळी जनुकं असतात. ती स्वतः रंग करत नाहीत. ती हुकूम सोडतात. आपल्याकडे पूर्वी कोठीच्या किल्ल्या घरातल्या मोठ्या बाईच्या कनवटीला असत ना? स्वयंपाक सुना करत, पण तूप किती काढायचं आणि साखरेचा डबा कधी उघडायचा ते किल्लीवाली ठरवी. झाडातली ही नियंत्रक जनुकं म्हणजे त्या किल्लीवाल्या. ऊन, थंडी, फुलाचं वय हे सगळं पाहून त्या हुकूम देतात. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते आणि पुढं हिरवी होते, तीही यांचीच करामत.

मेंडेलचे वाटाणे आणि हरवलेली किल्ली

शाळेत आपण सगळ्यांनी मेंडेलचं नाव घोकलेलं आहे. ब्रनो नावाच्या गावात, जे आज चेक प्रजासत्ताकात आहे, तिथल्या मठात हा धर्मगुरू बागेत वाटाणे लावीत असे. जांभळ्या फुलांचा वाटाणा आणि पांढऱ्या फुलांचा वाटाणा यांचा त्यानं संकर केला. पहिल्या पिढीत सगळी फुलं जांभळी. पांढरा रंग जणू नाहीसाच झाला. पण त्या जांभळ्यांच्या बियांतून दुसरी पिढी उगवली, तेव्हा ७०५ झाडांना जांभळी आणि २२४ झाडांना पांढरी फुलं आली. म्हणजे साधारण तीनास एक. १८६६ साली त्यानं हे छापलं. १९०० सालापर्यंत त्याकडे कुणी फारसं लक्षच दिलं नाही, आणि तोवर मेंडेल जाऊन सोळा वर्षं झाली होती.

त्याचा अर्थ असा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्हींतली एक जरी धड असली तरी रंग होतो. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच फूल पांढरं राहतं. आणि जांभळ्या फुलाच्या पोटात एक बिघडलेली प्रत गुपचूप राहू शकते, पिढ्यान्‌पिढ्या.

आता मला यात सगळ्यांत आवडलेली गोष्ट. मेंडेलच्या त्या पांढऱ्या वाटाण्यात बिघडलं होतं तरी काय, हे शास्त्रज्ञांना कळलं ते २०१० साली! रंग करणाऱ्या कृतींची पानं सगळी शाबूत होती. बिघडलं होतं ते किल्लीवालीचं, म्हणजे हुकूम सोडणारं जनुक. त्यातलं एकच अक्षर बदललं होतं. डाळ, गूळ, कणीक सगळं डब्यांत भरलेलं, पण किल्लीच हरवलेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, या घरात पुरणपोळी करताच येत नाही!

आमच्या सदाफुलीचं कोडंही इथंच सुटलं. शेजारच्या कुंपणालगत गुलाबी सदाफुली आहे. फुलपाखरू तिथून उठून आमच्या पांढरीवर बसलं असणार. त्याच्या सोंडेला लागून आलेल्या परागात रंगाची धड प्रत होती. ती एकच पुरली. चार बियांपैकी दोन त्या परागांच्या, म्हणून दोन गुलाबी. बी टाकलं फुलपाखरानं, असं म्हणायला हरकत नाही.

दोन पांढरी, लेक जांभळी

पण मुक्तानं लगेच पुढचा प्रश्न टाकला. "आणि आई-बाबा दोघंही पांढरे असतील तर?"

याचंही उत्तर आहे, आणि ते शोधण्यात बायकांचा मोठा हात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात केंब्रिजला विल्यम बेटसन नावाचे शास्त्रज्ञ मेंडेलचे नियम पडताळून पाहत होते. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत न्यूनहॅम या मुलींच्या महाविद्यालयातल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. स्वीट पी म्हणून एक सुवासिक फुलांचा वेल असतो, आपल्या वाटाण्याची शोभिवंत बहीण म्हणा. त्याच्या दोन पांढऱ्या जातींचा त्यांनी संकर केला. आणि लेक निघाली गडद जांभळी! पुढच्या पिढीत सोळांतली नऊ जांभळी आणि सात पांढरी, असं प्रमाण पडलं.

कसं झालं? एका घरात डाळ होती पण गूळ नव्हता. दुसऱ्या घरात गूळ होता पण डाळ नव्हती. दोन्ही घरं बिनपोळीची. त्या घरांचा संबंध जुळला, लेकीकडे डाळही आली आणि गूळही आला. पोळी झाली! आईबापांपैकी कुणातही दिसत नव्हतं, असं लेकीत दिसलं. पण ते बाहेरून कुठून आलं नव्हतं. अर्धं अर्धं त्यांच्याचकडे होतं.

याच मंडळींत म्युरिएल व्हेल्डेल नावाची एक तरुण बाई होती. १८८० साली जन्मलेली. १९०३ पासून ती बेटसन यांच्याबरोबर काम करू लागली. तिनं अँटिऱ्हिनमची फुलं निवडली. दोन बाजूंनी दाबली की तोंड उघडतात ना, ती. कुठल्या झाडाचा कुठल्याशी संकर केला तर कुठला रंग येतो, याचा तिनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९०७ साली निष्कर्ष मांडले. तिच्या हाताला चित्रकलाही होती. फुलांच्या रंगछटा ती स्वतः रंगवी. पण नुसती बेरीज-वजाबाकी करून ती थांबली नाही. जनुक बदललं की पाकळीतलं रसायन नेमकं काय बदलतं, हे तिला हवं होतं. त्यासाठी ती रसायनशास्त्राकडे वळली, आणि १९१६ साली वनस्पतींतल्या अँथोसायनिनवर तिनं अख्खं पुस्तक लिहिलं. जनुक आणि रसायन यांची गाठ घालून देणाऱ्या पहिल्या काही माणसांत तिचं नाव घेतात.

या बाईनं केंब्रिजच्या परीक्षा पहिल्या वर्गात पास केल्या होत्या. पण १९४८ पर्यंत तिथं बायकांना रीतसर पदवीच देत नसत. १९१९ साली तिनं लग्न केलं, ते पाण्यात सूर मारताना झालेल्या अपघातानं अधू झालेल्या एका शास्त्रज्ञाशी. तीनच वर्षांत तो गेला. ती काम करत राहिली, आणि १९२६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या स्त्री-व्याख्यात्यांपैकी एक झाली. १९३२ साली ती वारली, तेव्हा ज्या विद्यापीठात शिकवलं त्याची पदवी तिच्याकडे नव्हती. दुपारी भांडी आवरून मी हे वाचत होते. वाचता वाचता चहा गार झाला.

कणसावरचे ठिपके

दुसरी बाई अमेरिकेतली, बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक. हिनं जन्मभर मक्याची कणसं पाहिली. आपणही पाहतो, पण भाजायला! परदेशात रंगीत दाण्यांचा मका असतो. एखादा दाणा पिवळसर, त्यावर जांभळे ठिपके. कुठं मोठा डाग, कुठं बारीक शिंतोडे. हे ठिपके का, याचा तिनं छडा लावला. जनुकांच्या वहीत काही चिटोरी अशी असतात, की ती एका पानावरून उडून दुसऱ्या पानात जाऊन बसतात. रंगाच्या पानावर चिटोरं बसलं की कृती वाचता येत नाही, दाणा बिनरंगाचा राहतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून ते चिटोरं उडालं, की त्या पेशीला आणि तिच्या पुढच्या सगळ्या पेशींना पुन्हा रंग येतो. लवकर उडालं तर मोठा डाग, उशिरा उडालं तर बारका ठिपका.

१९५१ साली तिनं हे भल्या भल्या शास्त्रज्ञांपुढं मांडलं. बहुतेकांच्या पचनी पडलं नाही. तिनं वाद घातला नाही. शेतात मका लावत राहिली. १९८३ साली तिला नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा ती ८१ वर्षांची होती. आपल्या गुलबक्षीच्या एकाच झुडपावर कधी पट्ट्यापट्ट्यांची, कधी शिंतोडे उडवल्यासारखी फुलं येतात. त्यांतही असली उडती चिटोरी सापडली आहेत. संध्याकाळी गुलबक्षी उमलली की मला आता तीच आठवते.

रंग वाढवायला गेले आणि…

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत पेटुनियाच्या जांभळ्या फुलांचा रंग आणखी गडद करायचा बेत काही शास्त्रज्ञांनी केला. कॅरोलिन नॅपोली आणि रिचर्ड जॉर्गेन्सन ही त्यांतली नावं. रंगाच्या वाटेवरल्या एका महत्त्वाच्या पायरीचं जनुक त्यांनी झाडात आणखी एक घातलं. हिशेब सरळ होता. एका आचाऱ्याच्या जागी दोन, म्हणजे पोळ्या दुप्पट. पण फुलं आली ती बरीचशी पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची! नवा आचारी तर कामाला लागला नाहीच, जुन्यानंही चूल विझवली. १९९० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

पुढं कळलं, की जनुकाकडून विकर बनवणाऱ्या यंत्रणेकडे चिठ्ठी जाते. त्या चिठ्ठ्यांत पेशीला काही वावगं वाटलं, की ती त्या कापून टाकते, नव्याही आणि जुन्याही. याचंच मूळ तत्त्व १९९८ साली एका इवल्याशा कृमीत उलगडून दाखवल्याबद्दल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं. आज या तत्त्वावर औषधंही तयार झाली आहेत. हे कळण्याच्या वाटेवर पेटुनियाचं रुसलेलं फूल होतं, हे ऐकून मला फार गंमत वाटली.

गुलाबाचीही अशीच कथा. गुलाबाच्या वहीत निळ्या रंगाचं पानच नाही. म्हणून कलमं करकरून माळी थकले, पण निळा गुलाब आला नाही. शेवटी पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घालून जपानमधल्या सनटोरी कंपनीनं २००९ साली 'अप्लॉज' नावाचा गुलाब बाजारात आणला. खरं सांगायचं तर तो निळा कमी आणि जांभळट जास्त आहे.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

मुलांना सुट्टीत हा प्रयोग जरूर करू द्या. गोकर्णाची आठ-दहा निळी फुलं कपभर कढत पाण्यात घाला. पाणी निळं झालं की गाळून तीन वाट्यांत ओता. एका वाटीत लिंबू पिळा; पाणी जांभळं-गुलाबी होईल. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा घाला. रंग हिरवट होत जाईल. तिसरी तशीच ठेवा, ताडून बघायला. अँथोसायनिनवर आंबटाचा असा परिणाम होतो. म्हणजे जनुकानं रंग तर दिला, पण तो दिसणार कसा, हे पेशीतल्या रसाच्या आंबटपणावरही ठरतं. बीटाच्या पाण्यात लिंबू पिळून पाहा. ते गुलाबीच राहील, कारण त्याचं घराणं वेगळं!

आणि एक कामाची सूचना. तुम्हांला ठरावीक रंगाचंच फूल हवं असेल, तर बी लावू नका, फांदी लावा. बियांत दोन घरांच्या वह्यांची सरमिसळ असते. फांदीत त्याच झाडाची वही जशीच्या तशी असते. सदाफुली, जास्वंद दोन्ही फांदीनं लागतात. सासूबाईंच्या महादेवासाठी आम्ही आता पांढरीच्या फांद्याच लावल्या आहेत.

आणि आपल्या लेकी

आता मूळ गोष्टीकडे येते. माणसाच्या कातडीचा रंग मेलॅनिन या द्रव्याचा. त्याचं आणि फुलांच्या रंगाचं रसायन अगदी वेगळं, तेव्हा वाटाण्याचं तीनास एकचं गणित आपल्या घरात मांडत बसू नका. माणसाचा रंग एका-दोन नाही, पुष्कळ जनुकांवर अवलंबून असतो. प्रत्येकाच्या थोड्या थोड्या छटा. आईकडच्या काही, वडिलांकडच्या काही, आजी-आजोबांपासून आलेल्या काही. त्या नव्यानं पिसलेल्या पत्त्यांसारख्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतात. म्हणून तर एकाच आईच्या दोन लेकी दोन रंगांच्या असतात. पण मूळ धडा तोच. जे आपल्यात दिसत नाही, ते आपल्यात नाही असं नसतं.

एक कबुली देते. मुक्ताच्या वेळी दिवस राहिल्यावर सासूबाईंनी मला रोज रात्री केशर घातलेलं दूध दिलं. प्रेमानं दिलं, महागाचं केशर खलून दिलं. सातव्या महिन्यात मी पंधरा दिवस माहेरी होते, तेव्हा ते चुकलं. मुक्ताला पहिल्यांदा माझ्या कुशीत दिलं, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार कुठला असेल? "ते पंधरा दिवस चुकले." तेरा वर्षं हे मी कुणाला बोलले नाही. आज सांगते, कारण माझ्यासारख्या किती जणी हे मनात घेऊन बसल्या असतील. बायांनो, केशराच्या दुधानं बाळाचा रंग बदलत नाही. बाळाची वही त्याच्या अगदी पहिल्या पेशीतच लिहून झालेली असते. दूध प्या, ते अंगी लागेल. पण त्यात रंग शोधू नका, आणि नाही दिसला तर स्वतःला दोष देऊ नका.

हे सगळं मुक्ताला एका बैठकीत सांगितलं नाही. थोडं भाजी निवडताना, थोडं रोपांना पाणी घालताना. शेवटी कपाटातला माझ्या वडिलांचा फोटो काढून तिच्या हातात दिला. ती दोन वर्षांची असताना ते गेले, तिला आठवत नाहीत. सावळे होते ते, आणि हसले की सगळी खोली हसायची. "तू यांच्यावर गेलीस," मी म्हटलं. तिनं फोटो कितीतरी वेळ पाहिला. बोलली काहीच नाही. नाचात पुन्हा नाव दिलं का, असं विचाराल तर नाही दिलं. पण परवा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तिनं रिकामे डबे आणलेत. गुलाबी सदाफुलीचं बी तिला स्वतः लावायचं आहे. प्रत्येक डब्यावर तारीख आणि आईचा रंग लिहिलेला आहे. "पुढच्या पिढीत किती पांढऱ्या निघतात ते बघू," म्हणते.

आणि सासूबाई? परवा सोमवारी त्यांनी परडीत पांढरी फुलं वेचली. मग थांबल्या आणि दोन गुलाबीही तोडली. "महादेवाला नाही तर नाही," म्हणाल्या, "देवीला चालतील. आपल्याच घरची आहेत ती." मुक्ता ओट्याशी उभी होती. तिनं ऐकलं, एवढं मला कळलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या हळदीकुंकवाला कुणाच्या लेकीकडे पाहून "ही कुणावर गेली हो?" असं अगदी ओठांवर आलं, तर तिळगुळाचा लाडू तोंडात टाका आणि क्षणभर गप्प बसा. ती कुणावर गेली आहे, हे कदाचित तिच्या आईलाही माहीत नसेल. पण ती त्याच घरची आहे, एवढं मात्र नक्की.